खंडेनवमीच्या आदल्या दिवशी क्रोम रंगवायला गाडी आणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बेळगावात गेली तीस वर्षं गाड्यांचं पेंटिंग करतो. गणपती उठले की माझ्या दुकानात एकच मागणी सुरू होते, "मामा, पुढची जाळी आणि बंपर काळं करून द्या की." आधी लोक चकाकी वाढवायला यायचे, आता ती झाकायला येतात. काळी जाळी, काळे आरसे, मागच्या फाळक्याचं काळं हँडल ही पिकअपवाल्या पोरांची आवड झाली आहे, आणि ते दिसतंही छान. पण सगळे येतात ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. "उद्या पूजा हाय, सांजपर्यंत द्या" म्हणतात. त्याबद्दलच हे पत्र लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी मी अशाच एका गिऱ्हाईकाच्या आग्रहाला बळी पडलो. कडोलीकडचा भाजीवाला, रोज रात्री चोर्ला घाटातून गोव्याला कोबी-मिरची नेणारा. दुपारी चारला गाडी आली. साबणानं धुतली, थिनरचा बोळा फिरवला आणि क्रोमच्या चकाकत्या मुलाम्यावर थेट काळ्याचे दोन हात मारले. सकाळी झेंडूचा हार घातल्यावर गाडी अशी दिसली की मलाच बरं वाटलं. आठव्या दिवशी तो परत आला. घाटातला चिखल धुवायला सर्व्हिसिंगला गेला होता, तिथं पाण्याच्या फवाऱ्यानं रंग लसणाच्या सालीसारखा निघाला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आणलेलं ते सालपट त्यानं टेबलावर ठेवलं. बोलला काहीच नाही.

मी ते उलटं करून उजेडात धरलं. आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. म्हणजे रंगानं कुठंच पकड घेतली नव्हती, क्रोमचा गुळगुळीतपणा तेवढा उचलून आणला होता. गाडी मी फुकट पुन्हा केली, पण त्याचे दोन दिवस आणि दोन फेऱ्या बुडाल्या, त्या मला भरून देता आल्या नाहीत.

लोकांना वाटतं क्रोम म्हणजे जाड पत्रा. प्रत्यक्षात शोभेच्या क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनच्याही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतला असतो. आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज करा. खरं संरक्षण त्याखालचं निकेल करतं. क्रोमवर हवेनं आपोआप एक बारीक, घट्ट पापुद्रा धरतो. त्यामुळे ते काळवंडत नाही, आणि त्याच कारणानं त्याच्यावर रंगही बसत नाही. म्हणून क्रोमच्या कामात रंग मारणं ही शेवटची आणि सर्वात सोपी पायरी. खरी मेहनत घासण्यात आहे. आधी मेण-तेल पूर्ण काढायचं, कारण वर्षभर पॉलिश मारलेली गाडी असते. मग ३२० नंबरचा वॉटर पेपर, जाळीच्या कोपऱ्यांत स्कॉचब्राईट. चकाकी पूर्ण जाऊन चुलीतल्या राखेसारखा मंद रंग आला पाहिजे. नखाएवढी जागा चमकत राहिली तरी साल तिथूनच सुटते. एका जाळीला माझ्या हाताखालच्या पोराला अर्धा दिवस लागतो, कारण प्रत्येक पट्टीला वरून, खालून आणि आतून अशा तीन बाजू असतात.

मग इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारं अस्तर, तो सुकल्यावर पुन्हा हलकं घासणं, मग काळा, मग वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. हात लावायला गाडी त्याच दिवशी सुकलेली वाटते, पण हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, घातलेला रंग आतून कडक व्हायला आठवडा जातो. तोवर फवाऱ्यानं धुवायची नाही आणि हार बांधायला चिकटपट्टी लावायची नाही. पूजेच्या आदल्या दिवशी हे कसं बसणार?

बंपर लोखंडी आहे की प्लॅस्टिकचा हेही गिऱ्हाईक सांगत नाही, मलाच बघावं लागतं. चुंबक लावला की कळतं. हल्ली जाळ्या बहुतेक प्लॅस्टिकच्याच, वरून क्रोम चढवलेल्या. चकाकी जिथं उडालीय तिथं उघड्या प्लॅस्टिकला वेगळा प्रायमर लागतो. अशी जाळी कुणी पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची पूड भाजून बसवायला, द्या म्हणालं तर देऊ नका. तिथं भट्टीत १८० अंशांच्या आसपास तापवतात, जाळी वाकडी होऊन हातात येईल. लोखंडी बंपरला पावडर चांगली, पण आधी क्रोम पूर्ण काढावं लागतं.

गोव्याला जाणाऱ्या गाड्यांचं आणखी एक आहे. समुद्राची खारी हवा आणि घाटातला पाऊस. क्रोमला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी पाणी आत शिरून खालचं लोखंड गंजतं आणि वर फोड येतो. नखानं दाबलं की अंड्याच्या टरफलासारखा तुकडा उडतो आणि आतून तांबडी पूड सांडते. अशा फोडावर काळा मारून दिला तर सहा महिन्यांत तो रंगासकट पुन्हा वर येतो. तो कापून, घासून पांढऱ्या लोखंडापर्यंत जावंच लागतं.

आता सर्वात काळजीची गोष्ट. घासायचा त्रास नको म्हणून काही ठिकाणी ॲसिडात बुडवून क्रोम उतरवतात. मी स्वतः बघितलंय, पाणी हिरवं होतं, वाफेनं डोळे चुरचुरतात, आणि काम झालं की ते गटारात ओततात. त्या पाण्यात क्रोमियम आणि निकेल दोन्ही असतं. आपल्या शहराची किती गटारं बळ्ळारी नाल्याला मिळतात हे शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना विचारा. पावसाळ्यात नाला फुटला की तेच पाणी बासमतीच्या शिवारात उभं राहतं. माझ्या बायकोचं माहेर वडगावचं. तो तांदूळ आमच्या घरात शिजतो, त्याचा वास गल्लीत जातो. एका जाळीच्या काळ्या रंगासाठी ते शेत नासू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि आमच्या धंद्यातल्या पोरांसाठी दोन शब्द. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्यानं दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की पुढं थोड्याशा वासानंही छाती भरते. तोंडाला रुमाल बांधून ते थांबत नाही. मीही पहिली दहा वर्षं रुमालच बांधला, आता जिना चढताना धाप लागते. कार्ट्रिजचा, म्हणजे हवा गाळणाऱ्या डब्या लावलेला मास्क घ्या, आणि क्रोम घासताना पाणी घेऊनच घासा, कोरडी धूळ ओढू नका. क्रोमवर गॅसची ज्योत तर कधीच मारू नका. मालकांनीही पोराला मास्क घेऊन द्यावा. तो एका गाडीच्या मजुरीत बसतो.

सांगायचं राहिलं. जाळी काळी करताना नंबरप्लेट आणि रिफ्लेक्टरवर रंग जाऊ देऊ नका, पोलीस थांबवतात ते बरोबरच आहे. पुढं लोखंडी गार्ड बसवून तोही काळा करून मागणारे येतात. अशा गार्डवर कारवाई करा असं केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. धडक बसल्यावर तो समोरच्या चालत्या माणसाला जास्त लागतो. मी गार्ड रंगवत नाही.

ज्यांना घाई आहे त्यांनी क्रोमवर चिकटवायची काळी फिल्म लावून घ्यावी. तीही स्वच्छ धुतल्याशिवाय धरत नाही, पण सुकायचा प्रश्न नसतो आणि मन बदललं तर खालचं क्रोम शाबूत मिळतं. ज्यांना रंगच हवा त्यांनी घट बसायच्या आधी गाडी आणावी, दोन दिवस माझ्याकडे ठेवावी आणि पुढचा आठवडा धुवू नये. यंदा घटस्थापनेपासून मी क्रोमचं एकही काम हातात घेणार नाही. तसा कागद दुकानाच्या दारावर मराठीत आणि कानडीत लावलाय.

आपला,
एक गाडी पेंटर,
अनगोळ, बेळगाव