बॉक्सवरची रेंज बघून इंटरकॉम घेऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ग्रुप राईडसाठी कुठला इंटरकॉम (हेल्मेटमध्ये लावून बाईकवरून एकमेकांशी बोलायचा सेट) घ्यावा यावर लेख आला, बरं वाटलं, मराठीत या विषयावर फारसं कोणी लिहीत नाही. पण त्यात सगळा जोर बॉक्सवर छापलेल्या रेंजवर होता, हा 800 मीटरचा, तो 1.6 किलोमीटरचा, म्हणजे दुसरा भारी. असं बघून घेतलं की ग्रुपमध्ये हमखास कटकट होते. आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, की आपल्या ग्रुपमध्ये नक्की कोणाला कोणाशी बोलायची गरज पडते? माझं म्हणाल तर अशी माणसं दोनच, सगळ्यात पुढचा लीड आणि सगळ्यात मागचा स्वीप. बाकीच्यांचं बोलणं ही हौस, ती जरूर करावी, पण पैसे आणि डोकं आधी या दोघांवर खर्च व्हायला हवं.

जरा हिशोब करू. दहा बाईक्स, स्पीड 80, वळणाचा रस्ता म्हणून एकामागे एक, प्रत्येकात दोन सेकंदांचं अंतर. 80 च्या स्पीडला सेकंदाला साधारण 22 मीटर जातात, म्हणजे दोन बाईक्समध्ये 44 मीटर आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत झाले 400 मीटर. हे सगळं शिस्तीत चाललंय असं धरून. मध्ये एक सिग्नल पडला किंवा दोन ट्रक आडवे आले, चौघं पुढे गेले आणि सहा मागे अडकले, की तेच अंतर बघता बघता दोन-तीन किलोमीटर होतं. आणि बोलायची खरी गरज नेमकी तेव्हाच असते, सगळे एकत्र चालले असताना काय, हात दाखवला तरी कळतं.

आता ती छापलेली रेंज. हेल्मेटचे इंटरकॉम ब्लूटूथचे असोत की मेशचे (म्हणजे सगळे सेट आपसात जाळं करतात ते), बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, वायफाय पण तिथेच. पॉवर अगदी कमी, आणि या लहरींना समोरचं मोकळं दिसावं लागतं. मधे टेकडी आली, कंटेनर आला, दाट झाडी आली की संपलं. बॉक्सवरचा आकडा मोकळ्या सपाट जागेचा असतो, कंपन्या ते बारीक अक्षरात लिहितात पण, ते वाचतो कोण.

जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ इंटरकॉम म्हणजे मालगाडीचे डबे. एक दुसऱ्याला जोडलेला, दुसरा तिसऱ्याला, आणि मधला एक जण पेट्रोलला थांबला की त्याच्या मागचे सगळे तुटले, शिवाय राईडच्या आधी पेअरिंगचा क्रम लक्षात ठेवायचा. दोघा-तिघांना हे ठीक आहे, नवराबायको किंवा दोन मित्र असतील तर महागडं मेश घ्यायची काहीच गरज नाही. चारच्या पुढे मात्र मेश लागतंच. त्यात कोणी बाहेर पडलं, परत आलं, जागा बदलली तरी जाळं आपलं आपण जुळतं, मधले रायडर आवाज पुढे पोचवतात. कार्डो कंपनीच्या मेशमध्ये 15 जण बसतात, सेना कंपनीच्या प्रायव्हेट ग्रुपमध्ये 24, आणि सेनाचा ओपन मेश, म्हणजे कोणालाही सामील होता येतं तो, तर त्याहून मोठ्या ग्रुपला चालतो. पण मधले रायडर असले तरच आवाज पुढे जाणार ना! ग्रुपचे दोन तुकडे झाले आणि मधे कोणीच नाही, की मेशचेही दोन तुकडे.

आणि एक गोष्ट लेखात अजिबात नव्हती, खरं तर ती पहिल्या ओळीत हवी होती. एका कंपनीचं मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सहसा सरळ बोलत नाही. जोडायचं तर ब्लूटूथवरून, म्हणजे बरेचदा फोनसाठीची जोडणी त्यात अडकते आणि आवाजही पडतो. त्यामुळे पाच जणांकडे एका कंपनीचा असताना सहाव्याने रिव्ह्यू वाचून दुसऱ्या कंपनीचा 'बेस्ट' आणला तर तो चांगल्या वस्तूसकट एकटाच. ग्रुपमध्ये जे आहे तेच घ्या, दोन फीचर कमी असले तरी चालेल.

आता लीड आणि स्वीप, यांच्यासाठी माझं मत साध्या वॉकीटॉकीकडे झुकतं. लोक हसतात, इंटरकॉमच्या जमान्यात वॉकीटॉकी? पण रेडिओची लहर 400 च्या वरच्या मेगाहर्ट्झमध्ये, पॉवर जास्त, त्यामुळे अडथळ्यातून थोडी तरी सरकते. कुठला सेट चालेल हे मात्र देशावर आहे. युरोपात पीएमआर446 नावाचे सेट, म्हणजे 446 मेगाहर्ट्झ, अर्धा वॉट आणि अँटेना सेटला पक्का, काढता येत नाही. अमेरिकेत एफआरएस नावाचे सेट 462 आणि 467 च्या आसपास, काही चॅनेलवर 2 वॉटपर्यंत विनापरवाना, आणि तिथल्याच जीएमआरएस नावाच्या दुसऱ्या प्रकाराला परवाना लागतो पण परीक्षा नाही. ऑस्ट्रेलियात यूएचएफ सीबी नावाचा सेट, 477 मेगाहर्ट्झ, 5 वॉट. म्हणजे एका देशातला स्वस्त सेट दुसऱ्या देशात नेला तर तो तिथे बेकायदा ठरू शकतो, तेव्हा ऑनलाइन मागवण्याआधी जिथे चालवणार तिथला लायसन्सचा नियम बघा. हॅम म्हणजे हौशी रेडिओचे सेट स्वस्त मिळतात म्हणून कोणी घेतात, त्याला परीक्षा देऊन परवाना लागतो हे विक्रेता सांगत नाही.

वॉटच्या मागेही फार लागू नका. पॉवर चौपट केली तर अगदी मोकळ्या जागेत रेंज दुप्पट, डोंगरात तेवढीही नाही. त्यापेक्षा अँटेना कुठे आहे ते बघा. सेट पँटच्या खिशात ठेवला तर आपलंच शरीर लहर अडवतं, उंच आणि उभी अँटेना असेल तर त्याच सेटचा बराच फरक पडतो. पण म्हणून कडक सेट छातीवर नाहीतर पाठीच्या कण्यावर बांधून फिरू नका, पडलात तर तोच टोचेल.

बोलायचं बटण डाव्या हँडलवर हवं, बोट क्लचजवळ असतानाही दाबता येईल असं. आवाज ओळखून आपोआप सुरू होणारा मोड घरात छान चालतो, बाईकवर वारा लागला की सेट स्वतःच बोलत सुटतो आणि चॅनेल अडकून बसतं. बटण दाबून बोलायचं, सोडलं की ऐकायचं, एका वेळी एकच. लोकांना हा दोष वाटतो, मला नाही वाटत. पंधरा जणांचे माईक सतत उघडे, कोणी गाणं म्हणतंय, कोणाला खोकला, कोणी जेवायचं काय विचारतंय, आणि त्यात स्वीप सांगतोय की तीन नंबर पडलाय. बटणामुळे माणूस बोलण्याआधी एकदा विचार करतो, आणि ते रस्त्यावर फार महत्त्वाचं आहे.

प्रायव्हसी कोडचा पण एक गैरसमज आहे. सेटवर तो आकडा लावला की आपलं बोलणं कोणी ऐकत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. तो फक्त एक बारीक टोन असतो, तो नसलेले आवाज आपला स्पीकर दाबून टाकतो एवढंच, आपलं बोलणं मात्र त्या चॅनेलवरचा कोणीही ऐकू शकतो. तेव्हा हॉटेलचा रूम नंबर वगैरे रेडिओवर सांगू नका.

बॅटरीचं पण बघा. वॉकीटॉकीचे तास साधारणपणे 5 टक्के बोलणं, 5 टक्के ऐकणं आणि 90 टक्के नुसतं चालू असं धरून मोजलेले असतात. बडबडा लीड असेल तर ते तास विसरा. थंडीत अजून कमी. चालत्या बाईकवर चार्ज होत असेल तर उत्तम.

मोबाईलवरचे बटण दाबून बोलायचे ॲप? शहरात मस्त, रेंजची मर्यादाच नाही. पण नेटवर्क नसलं की गप्प, आणि घाटात नेटवर्क जातंच.

आणि हे सगळं बंद पडलं तर काय, हेही राईडच्या आधी ठरलेलं असावं. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं, आणि वळण किंवा फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं. याला बॅटरी लागत नाही, पेअरिंग लागत नाही, आणि नवीन रायडरला दोन मिनिटांत शिकवता येतं.

तुम्ही पुढच्या वेळी तुलना छापाल तर कृपया मैदानात उभं राहून मोजलेले मीटर नको. वळणाच्या रस्त्यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट घेऊन सहा बाईक्स चालवा, मधली एक मुद्दाम थांबवा आणि शेवटच्याला काय ऐकू आलं ते लिहा. तसा लेख आला तर मी नक्की कापून ठेवीन.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक

ता. क. इंटरकॉमचा आवाज कमी येतो अशी तक्रार असेल तर नवीन घ्यायच्या आधी हेल्मेटमधला स्पीकर कुठे बसवलाय ते बघा. तो कानाच्या भोकासमोर नसून थोडा मागे किंवा वर चिकटवलेला असतो, बऱ्याच वेळा दोषच तेवढा. 100 च्या स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो, त्यावर मात करायला व्हॉल्यूम वाढवत नेण्यापेक्षा इअरप्लग घाला, त्यातूनही बोलणं चांगलं कळतं.