संज्याला पत्र, क्वालालंपूरहून: महागड्या हॉटेलात गावचं जेवण

प्रिय संज्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, मागे मिक्सर चालू होता त्यामुळे निम्मं कळलं आणि निम्मं अंदाजाने घेतलं. म्हणजे पुण्यात हॉटेल काढायचं नक्की झालंय, आणि ते पण खानावळ नाही तर चांगलं एसीवालं, मंद लाइट, उंच ग्लास वगैरे, आणि तुझा पार्टनर म्हणतोय की नुसतं मालवणी ठेवलं तर कोण एवढे पैसे देणार, मेनूवर तिसऱ्यांचं रिसोतो (तो इटालियन भात) आणि सोलकढीचा फोम, म्हणजे नुसता फेस, पाहिजे. फोनवर बोललो असतो तर मी फक्त शिव्या दिल्या असत्या. पण काल रात्रीच इथल्या एका भारी मलय रेस्टॉरंटात जेवून आलोय आणि सगळा वेळ डोक्यात तुझंच हॉटेल होतं, म्हणून म्हटलं बसून लिहूच. गल्ल्यावर बसून वाचू नको, निवांत वाच.

ऑफिसातल्या आमच्या सीनियर बाई, त्यांना सगळेच काक म्हणतात म्हणजे ताई, त्यांच्या आईचा वाढदिवस होता. आई क्वाला पिलाहच्या, म्हणजे नगरी सेंबिलान राज्यातल्या, त्यांना आम्ही मकचिक म्हणजे मावशी म्हणायचं. मकचिक आधी यायलाच तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, रेंदांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मटण किंवा चिकन) खायला गाडी पार्क करायचे पैसे द्यायचे, वर सर्व्हिस चार्ज पण द्यायचा, हे काय खूळ! आमच्याकडे कंदुरीला अख्खं गाव फुकट जेवतं. आणि खरं सांगू का, इथल्या बहुतेक लोकांचं हेच मत आहे. काक म्हणाल्या की मलय माणूस वाढदिवसाला जपानी खाईल, इटालियन खाईल, पण मलय जेवण म्हणजे एक तर आईच्या हातचं नाहीतर टपरीवरचं, दहा-बारा रिंगिटमध्ये भात, दोन भाज्या आणि मासा. (रिंगिट वीस रुपयांच्या थोडा वर धर.) फक्त रमझानच्या महिन्यात मोठी पंचतारांकित हॉटेलं इफ्तारचा बुफे लावतात, माणशी दोनशे रिंगिटच्या वर, आणि तेव्हा हेच लोक तेच पदार्थ खायला बुकिंग करून जातात. आता बोल. अकरा महिने जे घरचं म्हणून स्वस्त, ते बाराव्या महिन्यात महाग पण चालतंय.

आता जागा कशी होती ते सांगतो कारण तू हेच आधी विचारणार. जुना बंगला, लाकडी जाळीच्या खिडक्या, भिंतीवर सोंगकेत म्हणजे जरीचं कापड फ्रेम करून लावलेलं, वाढणाऱ्या मुली बाटिक नेसलेल्या, गामेलान म्हणजे इकडचं पारंपरिक वाद्यसंगीत वाजतंय पण इतकं हळू की बोलता येतं. दारू नाही, कारण हलाल जागा. (सगळीकडे असं नाही, जालान सिलोनवर बिजान म्हणून एक आहे, 2003 पासूनचं, तिथे मलय जेवणाबरोबर वाइन मिळते.) मग दारू नाही तर बिल फुगवायचं कशावर? सरबतांवर! पांदान (एक सुवासिक पान), आलं, गवती चहा, गुलाबाचं सिरप घातलेलं दूध, सगळं उंच ग्लासात आणि एकेक ग्लास टपरीवरच्या जेवणापेक्षा महाग. हे लिहून ठेव, तुझ्या कोकमाला आणि आवळ्याला इथे चांगला भाव आहे.

सगळ्यात आधी आलं उलाम. म्हणजे कच्चा पाला, बस्स. ब्राह्मीची पानं, चौधारी शेंगा, काजूचा कोवळा पाला, उलाम राजा नावाची एक पानं असतात त्यांना थोडा कैरीचा वास येतो, आणि मध्ये दगडी खलात सांबाल ब्लाचान, सांबाल म्हणजे मिरचीचा ठेचा. ब्लाचान कशाचं माहितीये? जवळ्याचं! बारीक कोलंबी मीठ लावून वाळवायची, आंबवायची, कुटायची आणि वड्या पाडायच्या. मग ती वडी भाजून मिरचीबरोबर वाटतात आणि वरून छोटं आंबट लिंबू पिळतात. वास असा की शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईने मान वळवून बघितलं. आणि या प्रकरणाचे पंचवीस रिंगिट. मी म्हटलं संपलं, आता मकचिक उठून जाणार. पण त्यांनी पानं उलटीपालटी करून बघितली, एक मोडून वास घेतला आणि म्हणाल्या की सकाळचीच खुडलेली आहेत, बाजारातली शिळी नाहीत. मग वाढणाऱ्या मुलीला बोलावून कुठून आणता विचारलं, तिने सांगितलं मागे परसात लावलंय. तिथून पुढे त्यांचा मूडच बदलला.

तोपर्यंत आम्ही सगळे चमचा-काटा घेऊन सभ्य बसलो होतो. मकचिकने बाही वर केली, लिंबाच्या पाण्याच्या वाटीत बोटं बुडवली आणि सरळ हाताने भात कालवला. मग काकने, मग मी, आणि तुला सांगतो थोड्या वेळाने पलीकडचं एक सुटातलं टेबल पण हातावर आलं.

मला बीफ चालत नाही हे काकला माहीत आहे म्हणून त्यांनी बदक मागवलेलं, इतिक सालाई मासाक लमाक चिली आपी. धुरावर धरलेलं बदक, आणि रस्सा ओली हळद, बारकी जहाल मिरची आणि नारळाचं दूध. मकचिकच्या मते यात कांदा घालणाऱ्याला स्वयंपाकघरात घेऊ नये. आंबटपणाला आसाम कपिंग, म्हणजे वाळवलेल्या फळाच्या चकत्या, आणि ते फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. रश्शात हळदीचं पान. आपण ते पान पातोळ्यांना वापरतो आणि टाकून देतो ना, इथे ते बारीक चिरून रश्शातच खातात. मी दोनदा भात मागितला, भात मात्र चहाच्या बशीएवढा देत होते, हा एक राग आहेच माझा.

मग मासा, पातिन, तेंपोयाक घातलेला. पहांग राज्यातलं तेमरलोह यासाठी प्रसिद्ध. तेंपोयाक म्हणजे मीठ घालून आंबवलेला दुरियान, ते उग्र वासाचं काटेरी फळ. हो, तोच दुरियान ज्याला हॉटेलच्या लिफ्टमध्ये बंदी असते. पहिला घास घशाखाली जाईपर्यंत मी डोळे मिटून बसलो होतो, दुसऱ्याला कळलं की आंबट, किंचित कडवट आणि साईसारखं दाट असं काहीतरी भारी आहे. पण एक सांगतो, त्या लोकांनी वास कमी करायचा अजिबात प्रयत्न केला नव्हता. फॉरेनर येतात म्हणून दुरियान निम्मा, मिरची निम्मी, असलं काही नाही. मेनूवर एका ओळीत लिहिलंय, वास येईल, नको असेल तर दुसरं मागवा. संपला विषय.

रेंदांगवरून मात्र राडा झाला. तुला आठवत असेल, 2018 मध्ये ब्रिटनच्या टीव्हीवरच्या एका स्पर्धेत परीक्षकाने चिकन रेंदांगची कातडी कुरकुरीत नाही म्हणून मलेशियात जन्मलेल्या एका स्पर्धक बाईंना बाहेर काढलं आणि इथे देशभर बोंबाबोंब झाली, तेव्हाच्या पंतप्रधानांनी सुद्धा त्यावर पोस्ट टाकली. तर इतका नाजूक विषय. रेंदांग तासन्‌तास आटवायचं, नारळाचं दूध फुटून तेल सुटेपर्यंत, मग त्याच तेलात मटण किंवा चिकन परतलं जातं, आणि शेवटी क्रिसिक. ते म्हणजे खोबरं कोरडंच लालसर भाजून गरम असतानाच कुटायचं, तेल सुटून मेणासारखा गोळा होईपर्यंत. मकचिकने एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. म्हणे कोंबडी गावठी नाही, फार्मची आहे, म्हणून ती आधीच शिजली आणि आटवायला वेळच मिळाला नाही, वर क्रिसिक मशीनवर वाटलंय, कुटलेलं नाही. पंचावन्न रिंगिटची प्लेट! काकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात शेफ बाहेर आला, तरुण पोरगा, कोणीतरी आत जाऊन सांगितलं असणार. मला वाटलं आता सॉरी मॅडम आणि फ्री डेझर्ट. पण त्याने खुर्ची ओढली आणि विचारलं, मकचिक, तुम्ही किती वेळ ठेवता? पुढचा अर्धा तास ती दोघं मलयमध्ये बोलत होती, मला फक्त लसूंग म्हणजे खल एवढंच कळलं, आणि तो मान हलवत फोनवर टाइप करत होता. क्रिसिक मिक्सरवर केलं हे त्याने सरळ कबूल केलं, रोज एवढं कुटायला माणूस मिळत नाही म्हणाला.

संज्या, तुझ्या पार्टनरला हे सांग. जड गेलं तर ते फोममुळे जाणार नाही, वाटपामुळे जाईल. पुण्यात रोज पाट्यावर वाटप करणारी माणसं कुठून आणणार, हळदीची पानं बारमाही कोण देणार, यावर डोकं लाव. रिसोतो कोणीही करेल. बाय द वे इथे फोमवाली जागा पण आहे, देवाकान, नाझा टॉवरच्या 48 व्या मजल्यावर, मलेशियात दोन मिशेलिन स्टार मिळवणारं पहिलं रेस्टॉरंट. पण ते लोक इथल्याच रानातला पाला आणि फळं घेऊन स्वतःचं काहीतरी नवीन मांडतात, गावच्या जेवणाला कोट-टाय घालत नाहीत. ते जमत असेल तर खुशाल कर, तुला जमणार नाही असं माझं प्रामाणिक मत.

गोडात ओंदे-ओंदे. हिरव्या पांदानच्या उकडलेल्या गोळ्या, वर ओलं खोबरं, आत गुला मलाका, म्हणजे माडाच्या नीरेचा गूळ, बांबूच्या नळीत ओतून थापलेला. तोंडात फुटतो तेव्हा ओठ मिटलेले ठेवायचे, मी शर्टावर घेतला. गोव्याला मिळतो ना काळा माडाचा गूळ, त्याचं तू काहीच का करत नाहीस?

बिल चौघांचं साडेचारशेच्या घरात, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि सहा टक्के टॅक्स. मकचिकने बिल हिसकावून वाचलं, काकला चार शब्द सुनावले, आणि बाहेर पडताना शेफला म्हणाल्या की रविवारी ये घरी, दाखवते. तो खरंच जाणार आहे म्हणे.

तर तू ये इकडे, हॉटेलचं इंटिरियर नक्की करायच्या आधी ये. सध्या आपल्याला तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त इथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत तो डिजिटल अरायव्हल कार्डाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. पार्टनरला पण आण. राहायचं माझ्याकडे. आणि येताना अर्धा किलो आमसुलं घेऊन ये, नवीन, काळी, मीठ कमी असलेली. मी मकचिकला कोकमाचं सांगून बसलोय आणि आता त्या रोज काकजवळ निरोप पाठवतायत. वहिनीला नमस्कार, आणि तारखा कळव लवकर, तिकिटं महाग होतायत.

तुझा,
मन्या