आधी साठवू, मग देऊ?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पगार वाढला, कर्जाचा मोठा भाग फिटला, हे वाचून फार बरं वाटलं. पण एका वाक्यापाशी अडलो: ‘आधी नीट साठवतो, मग देण्याचं बघू.’ ते काही मला पटलं नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

साठवण्याबद्दल तुझं बरोबरच आहे. खर्चून उरेल ते बाजूला टाकायचं म्हटलं की काहीच उरत नाही. पगार जमा झाला की आधी बाजूला काढायचं आणि राहिलेल्यात महिना भागवायचा, या जुन्या रीतीला अजून पर्याय सापडलेला नाही. फक्त क्रेडिट कार्डाचं थकलेलं देणं गुंतवणुकीच्या आधी फेड. ७२ला वार्षिक व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल याचा अंदाज येतो. ८ टक्क्यांनी साधारण ९ वर्षं लागतात. पण थकबाकीवर महिन्याला ३ टक्के व्याज चढत असेल, तर ती २ वर्षांतच दुप्पट होते. असं देणं डोक्यावर ठेवून गुंतवणूक करण्यात काय अर्थ आहे?

सहा महिन्यांचा घरखर्च लगेच हाताशी येईल असा ठेवणं, मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) घेणं, हे तुला ठाऊक आहे. गुंतवणुकीवर कापल्या जाणाऱ्या शुल्काकडे मात्र भलेभले बघत नाहीत. वर्षाला ८ टक्क्यांनी वाढणारी रक्कम ३० वर्षांत दहापट होते. त्यातला १ टक्का दरवर्षी शुल्कात गेला, तर ती साडेसात पटीच्या थोडी वर जाऊन थांबते. हा ‘फक्त एक टक्का’ शेवटी जवळजवळ पाव हिस्सा घेऊन जातो. सही करण्यापूर्वी एवढं तरी विचारत जा.

आता माझं म्हणणं. ‘नीट साठवतो’ म्हणजे किती? तू आकडा लिहिलेला नाहीस. आकडा नसला की ‘पुरेसं’ कमाईबरोबर पुढे पुढे सरकत राहतं आणि देण्याचा दिवस उगवतच नाही. देणं ही मला श्रीमंतीनंतरची पायरी वाटत नाही. पैसा हातात असताना तो आपल्यावर न खर्चणं, हे साठवायलाही लागतं आणि द्यायलाही. सवय एकच आहे, म्हणून दोन्हीची सुरुवात एकाच पगारापासून व्हावी.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचं मृत्युपत्र मला यासाठी फार आवडतं. तो १७९० साली गेला. बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने प्रत्येकी १००० पौंड ठेवले, पण वाटून टाकायला नाही. काम शिकून तयार झालेल्या तरुण कारागिरांना ५ टक्के व्याजाने धंद्यासाठी कर्ज द्यायचं, परत आलेला पैसा पुन्हा दुसऱ्यांना द्यायचा, १०० वर्षांनी काही भाग लोकोपयोगी कामांना लावायचा आणि उरलेला आणखी १०० वर्षं वाढू द्यायचा. १९९० मध्ये बोस्टनच्या निधीत सुमारे ५० लाख डॉलर होते, फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे २० लाख. त्याने मांडलेल्या हिशोबापेक्षा वाढ बरीच कमी झाली, कर्ज घेणारेही पुढे कमी झाले. तरी दोनशे वर्षं ते पैसे लोकांच्या कामी आले. हे त्याला का सुचलं, तेही त्याने लिहून ठेवलंय: तरुणपणी दोन मित्रांनी दिलेल्या कर्जावर त्याचा धंदा उभा राहिला होता आणि पुढच्या संपत्तीचा पाया तोच होता. त्याच्या आयुष्यात देणं कमाईच्या आधी आलं, दुसऱ्यांच्या हातून. तुझ्यामाझ्या बाबतीत वेगळं काय आहे? कुणी फी भरली, कुणी नोकरीसाठी शब्द टाकला.

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खालची, नाखुशीने देणं. वरून दुसरी, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचं नाव कळू नये अशी. आणि सर्वांत वरची, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला असं उभं करणं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. नावाची पाटी लावून दिलेल्या पैशानेही कामं होतात, हे मी नाकारत नाही. पण घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असं देणं मला कितीतरी मोठं वाटतं.

तेव्हा असं कर. साठवणुकीची रक्कम खात्यातून वळती होते त्याच दिवशी कमाईचा एक ठरावीक हिस्सा दुसऱ्या खात्यात जाऊ दे. २ टक्के असला तरी चालेल. पगार वाढेल तसा तो आपोआप वाढेल. कर्ज काढून मात्र कधी देऊ नकोस. संस्थेला देणार असशील तर आधी तिचे हिशोब बघ, काम बघ, आणि विश्वास बसला की पैसा कशावर खर्चायचा ते तिला ठरवू दे. जवळचं कुणी उसने मागायला आलं आणि परत येण्याची शक्यता कमी दिसली, तर झेपेल तेवढे सरळ देऊन टाक. उसने म्हणून दिलेस की पैसेही जातात आणि माणूसही तोंड चुकवू लागतो.

टक्का ठरवण्याआधी वहिनीशी बोल. घरात एकाने ठरवलेलं देणं दुसऱ्याला कपात वाटतं. आणि ‘पुरेसं’ म्हणजे किती, तो आकडा तुम्ही दोघांनी मिळून काढा आणि मला कळव. मोठा निघाला तरी कळव, त्यावर आपण निवांत बोलू.

तुझा,
जुना मित्र