घुबडाच्या फोटोखाली गावाचं नाव नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांनी काढलेले घुबडांचे फोटो आपल्या अंकात अधूनमधून येतात. ते जरूर छापा, पण खाली गाव, ओढा, डोंगर यांचं नाव देऊ नका, जिल्हा पुरे. हे सांगतो, कारण ती चूक मी केली आहे.

बालाघाटात आमच्या शिवारातल्या ओढ्याच्या उंच दरडीत शृंगी घुबडाची जोडी राहायची. डोक्यावर पिसांचे दोन तुरे, डोळे नारिंगी. हे घुबड घरटं बांधत नाही, कपारीतल्या उघड्या मातीवरच अंडी घालतं. दिवस मावळायच्या आधी ते आपणहून बाहेर येऊन बसतं, तेव्हा मी पलीकडच्या काठावरून, बाभळीआडून फोटो काढायचो. फ्लॅशची गरज पडत नसे. दोन हिवाळे त्यांनी मला चालवून घेतलं. तिसऱ्या वर्षी पिलांचा फोटो मी ओढ्याच्या नावासकट व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर टाकला.

आठवड्यात गाड्या आल्या. कपार नीट दिसावी म्हणून कुणीतरी समोरची घाणेरी तोडली. रात्री बॅटऱ्यांचे झोत, मोबाईलवर घुबडाचा आवाज. आपल्या हद्दीत दुसरं घुबड शिरलं असं वाटून जोडी त्या आवाजामागे घुमत राहायची, तेही पिलांना भरवायच्या वेळी. पाचव्या दिवशी कपार रिकामी होती. ही पिलं उडायला लागायच्या आधीच चालत बाहेर पडतात, म्हणून मी दोन दिवस ओढा धुंडाळला. सापडली नाहीत.

त्या दरडीखाली घुबडांनी ओकलेल्या केसांच्या गोळ्या पडलेल्या असत. फोडल्या की आत उंदरांच्या कवट्या, जबडे. शाळू राखणाऱ्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं? तरी अपशकुनाची भीती आहेच, आणि दिवाळीच्या तोंडावर तंत्रमंत्रासाठी घुबडं पकडणारेही आहेत. फोटोखालचा पत्ता त्यांनाही वाचता येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे घरटी, अंडी यांना त्रास देणंही शिकारीतच मोडतं, हे कॅमेरेवाल्या किती मित्रांना ठाऊक आहे?

नव्यानं फोटो काढणाऱ्यांनी पिंगळ्यापासून सुरुवात करावी. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी ज्याची भाषा कळते म्हणून सांगतो, तोच हा पक्षी. तो गावातल्या लिंबावर, पडक्या भिंतीत भरदिवसा दिसतो, आपल्याकडे बघत मान वरखाली करतो. मात्र त्याच्या ढोलीतही हात घालू नये, बॅटरी मारू नये.

आणखी एक. मोबाईलवर काढलेल्या फोटोत पुष्कळदा जागेची नोंदही दडलेली असते. आपल्या संकेतस्थळावर फोटो चढवण्याआधी ती काढून टाकायला कृपया संबंधितांना सांगावं.

आपला,
एक वाचक, बीड जिल्हा