तुटक शिरोरेषा

पिट्सबर्ग,
रविवार, 2 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांना सा. न.,

आज पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली. आता आपल्यात साडेदहा तासांचं अंतर. आई, तुझी मालिका साडेआठला संपेल तेव्हा माझे सकाळचे दहा वाजलेले असतील, हे लक्षात ठेव. फोनवर सांगायचं राहून जातं, आणि बाबांकडे फोन दिला की ते ‘सगळं बरं ना? ठेवतो’ म्हणून मोकळे. म्हणून पत्र. धाकट्याला मोठ्या अक्षरात छापून आणून द्यायला सांगितलंय.

परवाचा फोटो बघून आई, तुझा पहिला प्रश्न आला, ‘एवढं कशानं करपलं गं?’ करपलेलं नाही ते. ती काळी मांजर आहे. शेजारी पांढरं दिसतंय ते भूत, केशरी तो भोपळा, आणि ज्याला तू मोडकी छत्री म्हणालीस ते वटवाघूळ. चाळीस बिस्किटं केली, एकतीस धड निघाली. उरलेल्या नवांपैकी तिघांची हकिगत बाबांना सांगायची आहे, पण तिथवर जायला जरा वेळ लागेल.

हॅलोविन म्हणजे 31 ऑक्टोबरची संध्याकाळ. 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस आणि आजची 2 तारीख गेलेल्या सगळ्या माणसांची. त्याची ही आदली रात्र. सर्वपित्रीच्या आसपासचं काहीतरी, अशी पहिल्या वर्षी मी माझी समजूत घातली होती. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. ती माणसं अमेरिकेत आली आणि त्यांना भोपळा सापडला. सलगम कोरून बघितलंय मी एकदा. भोपळ्यावर ती का गेली हे लगेच कळतं. आता मुलं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. आमच्याकडे साडेपाच ते साडेसात, वेळ आधीच जाहीर. शिमग्याला आपल्या गल्लीत कुणी अशी वेळ ठरवून दिली असती तर बाबांच्या कितीतरी झोपा वाचल्या असत्या.

गेल्या वर्षी नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली होती, आठवतं? पहाटे पिलूला उटणं लावून अंघोळ, संध्याकाळी तीच पोर चेटकीण होऊन बाहेर. कारीट कुठलं मिळायला इथे? तिनं एक शोभेचा चिमुकला भोपळा पायाखाली घेतला. अंगठा दुखला, भोपळा तसाच. यंदा दिवाळी आधीच होऊन गेली, त्यामुळे चकलीचा सोऱ्या धुऊन ठेवला आणि त्याच ओट्यावर भुतं लाटायला घेतली.

अनोळखी मुलांना घरचं उघडं खाणं कुणी देत नाही, बंद वेष्टनातलंच द्यायचं असतं. म्हणजे ही बिस्किटं ओळखीच्यांसाठी: पिलूच्या मैत्रिणी, ह्यांच्या ऑफिसातले, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या आजी. खरं तर हा सगळा उद्योग त्यांच्यामुळेच सुरू झाला.

आजी ब्याऐंशीच्या. त्यांच्या तळघरात पत्र्याचा एक डबा आहे, आई, तुझ्या भाजणीच्या डब्याएवढा. त्यात नुसते कटर. चांदणी, बदक, ख्रिसमसचं झाड, घोडा, आणि खाली हॅलोविनचे. पत्र्याची पट्टी वाकवून टोकं जोडलेली, बस. त्यातला चेटकिणीचा कटर त्यांच्या वडिलांनी स्वतः डाग देऊन केलेला आहे. नाकाचं टोक जरा जास्तच लांब झालंय, पण आजी म्हणतात, आमच्या आत्याचं असंच होतं. मला देताना एकच अट घातली: पाण्यात भिजत ठेवायचा नाही. धुतला की लगेच पुसायचा आणि विझवलेल्या ओव्हनच्या उबेला ठेवायचा, नाहीतर गंजतो. लोखंडी तव्यासाठी तू मला हेच ओरडायचीस.

आणखी एक सांगते, तुला आवडेल. या पिट्सबर्गच्या बाजूला लग्नात ‘कुकी टेबल’ म्हणून प्रकार असतो. केक असतोच, पण त्याशिवाय दोन्हीकडच्या आया, आत्या, मावश्या, शेजारणी कितीतरी आठवडे आधीपासून बिस्किटं भाजतात आणि लांबच लांब टेबलावर मांडून ठेवतात. कुणाच्या किती प्रकारच्या, कुणाच्या कशा, यावर दबक्या आवाजात चर्चा. जाताना पाहुणे डब्यात भरून घरी नेतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंडातून निघूनच गेलं, ‘अगं बाई, रुखवत!’ आता आजी तो शब्द बरोबर म्हणतात, फक्त ‘ख’ जमत नाही.

तर कृती. तीन कप मैदा, म्हणजे 360 ग्रॅम. लोणी 226 ग्रॅम, इथे दोन कांड्या येतात तेवढं. साखर 200 ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला, आणि एक अंडं. (बाबा, तुम्ही हे वाक्य वाचलं नाही.) बेकिंग पावडर अजिबात नाही. नानकटाई फुलते, तिला भेगा पडतात, तीच तिची शोभा. इथे उलटं. बिस्कीट जरा फुगलं तरी मांजरीचे कान डोक्यात बुडतात आणि ती मांजर न राहता बटाटा होते. म्हणून पाव इंच जाड लाटायचं, फ्रिजमध्ये घट्ट करायचं, कटर पिठात बुडवून सरळ खाली दाबायचा. दाबताना हलवायचा नाही. कापलेले आकार परत थोडा वेळ गार करायचे आणि मग 350 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 175 सेल्सिअसला, आठ-दहा मिनिटं भाजायचे. एका ट्रेमध्ये एकाच मापाचे आकार ठेवायचे हे मी वटवाघळांकडून शिकले. भोपळे भाजून होईपर्यंत त्यांच्या पंखांची टोकं काळी. तुझा ‘करपलं’ तिथे मात्र खरा होता. चेटकिणीचा झाडू तर उचलतानाच दोनदा मोडला. मोडलेलं लगेच खायचं, हा नियम पिलूनं केला आणि त्यानंतर माझ्या नजरेआड बरंच काही मोडायला लागलं.

वरचा पांढरा थर म्हणजे रॉयल आयसिंग. पिठीसाखर, अंड्याच्या पांढऱ्याची वाळवलेली भुकटी आणि पाणी. यात सगळा खेळ पातळ-घट्टचा. कडेची रेघ ओढायला घट्ट, आतला भाग भरायला सैल. सैल किती, तर भांड्यात सुरीनं रेघ मारायची आणि मनात मोजायचं. पंधरा मोजेपर्यंत रेघ मिटून गेली की जमलं. लगेच मिटली तर कडेवरून ओघळणार. आणि हे उघडं ठेवलं की मिनिटात वर पापुद्रा धरतो. मी काय केलं सांग? ओलं फडकं झाकलं. करंजीच्या पिठावर तू झाकायचीस तसंच. एरवी ‘किती वेळा फडकं पिळायला लावते ही’ म्हणून मी कुरकुरत असायचे.

काळा रंग भलताच हट्टी. पांढऱ्यात कितीही काळा घातला तरी राखाडीच. आजींनी सांगितलं, आधी कोको घालून तपकिरी कर, मग काळा थोडासाच लागतो, आणि रात्रभर ठेव, आपोआप गडद होतो. झाला. पण माझी बोटं, पिलूचे दात, आणि जावईबापूंचा पांढरा शर्टही.

आता बाबा, इथून तुमचं.

बिस्किटांवर नक्षी उठवायला स्टेन्सिल मिळतात. पातळ प्लास्टिकमध्ये कोरलेलं कोळ्याचं जाळं, भोपळ्याचं तोंड, कवटी. पांढऱ्या बिस्किटावर ते ठेवायचं, वरून काळं आयसिंग पट्टीनं ओढायचं, उचलायचं. व्हिडिओत दहा सेकंदांचं काम दिसतं. माझं पहिलं बिस्कीट: आयसिंग पातळ होतं, साच्याखाली शिरलं, जाळ्याचा डाग झाला. दुसरं: खालचा पांढरा थर वाळवायला रात्रभर थांबायला हवं होतं, मी दोन तासांत हात घातला, साच्याबरोबर सालच निघून आलं. तिसरं: मधे एक कोपरा कोरा राहिला म्हणून मी पट्टी परत फिरवली आणि साचा केसभर सरकला. एकाची दोन जाळी.

तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. पिलू झोपलेली. आणि माझ्या कानात स्पष्ट आलं, ‘साचा हलला की पोतं गेलं.’

बाबा, मी सात-आठ वर्षांची असेन. सुट्टीत तुम्ही मला मार्केट यार्डात अडत दुकानी न्यायचात. हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या, नाकात तो वास, आणि तुम्ही पत्र्याचा साचा पोत्यावर डाव्या हातानं दाबून धरून उजव्या हातानं मार्का मारायचात. कुंचला शाईत बुडवायचा, मग एका चिंधीवर टिपून जवळजवळ कोरडा करायचा, मग उभा धरून ठोकायचा. ओढायचा नाही, ठोकायचा. मी एकदा भरलेला कुंचला घेऊन सरळ फासला होता. अक्षराच्या खालून शाई पळाली. तुम्ही रागावला नाहीत. पोतं उलटं करून ठेवलंत आणि म्हणालात, ‘ओला हात नको. घाई ओली असते.’

तर मी आयसिंगमध्ये पिठीसाखर घालत गेले, घालत गेले, चक्क्याइतकं घट्ट होईपर्यंत. बिस्किटं तशीच ठेवून झोपले. सकाळी साचा डाव्या हातानं दाबला, पट्टी तिरकी धरून एकदाच ओढली, आणि साचा सरळ वर उचलला. जाळं उठलं, बाबा. एकेक तंतू सुटा. काही बिस्किटांवर तर आयसिंग लावलंच नाही, साच्यावरून कोकोची भुकटी कोरड्या ब्रशनं ठोकली, अगदी तुमच्यासारखी. तीच सगळ्यांत छान दिसतात. फोटोत डावीकडून तिसरं बघा.

दुपारी पिलूनं भोपळ्याच्या तोंडाचा साचा उजेडात धरला आणि विचारलं, ‘आई, डोळ्यातल्या बुबुळाला या बारीक काड्या कशाला?’ मी म्हटलं, त्या काढल्या तर बुबुळ खाली पडेल, अख्ख्या डोळ्याचं भोक होईल. उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते कुठून आलं हे मला बोलल्यावर कळलं. तुमच्या साच्यांत शिरोरेषा मधेमधे तुटलेली असायची. ‘सांगली’ लिहिलेलं असायचं तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर फट. शाळेत बाई शिरोरेषा तुटली की लाल खूण करायच्या, म्हणून मला वाटायचं बाबांना नीट लिहिता येत नाही. मैत्रिणीला तसं सांगितलंही होतं. पत्रा एकसंध राहावा म्हणून ती फट मुद्दाम ठेवतात, हे मला बेचाळिसाव्या वर्षी भोपळ्यानं शिकवलं. तुमची शाईची निळी नखं शाळेच्या गॅदरिंगला दिसू नयेत म्हणून मी तुम्हाला मागच्या रांगेत बसा म्हटलं होतं, तेही आठवलं. तुम्ही बसलात. काल दुकानात पैसे देताना माझी काळी नखं बघून बाईनं विचारलं, ‘कुकीज?’ मी म्हटलं हो.

आई म्हणते, दुकान सुटल्यापासून तुम्ही दुपारभर नुसते झोपाळ्यावर असता. आणि आई, तुझा हात रांगोळीला थरथरतो म्हणून तू यंदा दारात ठिपकेसुद्धा काढले नाहीस, हे मला धाकट्यानं सांगितलं, तू नाही. तेव्हा दोघांना मिळून एक काम देते. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, हॅलोविननंतर आठच दिवसांनी. म्हणजे भुतं उतरली की लगेच पणत्या. मला पणतीचा साचा हवाय, आणि तो इथे मिळत नाही. आईनं पणती कशी हवी ते सांगायचं, तिच्या रांगोळीतली, ज्योत डावीकडे किंचित झुकलेली. बाबांनी ती कागदावर काढायची, कापायची जागा काळी करून. फोटो काढून पाठवा. इथे खाण्याला चालेल असं पातळ प्लास्टिक मिळतं, त्यात मी कोरून घेईन. जुन्या एक्स-रेमधून कापून टपालानं पाठवू नका, बाबा, मला तुम्ही ठाऊक आहात. गुडघ्याच्या फोटोतून मला प्रसाद करायचा नाहीये.

कटर साडेतीन इंचांचा आहे, तेव्हा नक्षी अडीच इंचांत बसवा. रेघांमधलं अंतर फार बारीक नको, माझा हात तुमच्याइतका बसलेला नाही. पणतीखाली एकच शब्द घालायचा आहे, ‘दिवा’. त्यातल्या ‘व’च्या पोटाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची
थोरली