चिऊ, राजीनामा पाठवायच्या आधी हे वाच

चिऊ बाळा,

काल फोन ठेवताना तू म्हणालीस ना, "आई, तू तरी आता मला शिकवू नकोस", तेव्हा मी गप्प बसले कारण खरंच काही सुचलं नाही, पण मग झोप लागेना, साडेतीनला उठून चहा केला आणि आता स्वयंपाकघरातच बसून टाइप करतेय. फोनवर मी मधेमधे बोलते आणि तू चिडतेस म्हणून पत्र. लांबणार आहे, शनिवारी वाच हवं तर.

ती क्लिप मी बघितली, टल्साच्या हत्याकांडाच्या तुझ्या तासाची, १९२१ ला गोऱ्या जमावाने ग्रीनवूडची ब्लॅक वस्ती जाळली त्या धड्याची. अठरा सेकंद. तू सांगितलंस तसंच आहे, त्या मुलाने विचारलं असणार की आमच्या पणजोबांनी केलं म्हणून आता आम्ही लाज बाळगायची का, आणि तू, आपण सगळेच करतो तसं, मागे बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून त्याचाच प्रश्न मोठ्याने परत म्हणालीस. क्लिप तिथे सुरू होते आणि तिथेच संपते. त्याचा आवाज नाही, पुढचं तुझं बोलणं नाही, फक्त बोर्डसमोर उभी असलेली तू आणि तुझ्या तोंडी ते वाक्य, त्यातलं प्रश्नचिन्ह तर ऐकूच येत नाही. मी एकोणीस वर्षं गणित शिकवतेय, दिवसात कितीदा मुलांचे प्रश्न परत म्हणत असेन त्याची गणती नाही. कुणीही ते कापून मला काहीही करून टाकू शकतं. मला तुझ्यासाठी फार वाईट वाटलं आणि रागही आला, त्या मुलांचा नाही इतका त्या मोठ्या माणसांचा, ज्यांनी आधीचं-नंतरचं न विचारता ते शेअर केलं आणि खाली तुझ्याबद्दल ते सगळं लिहिलं.

तू म्हणतेस कायदाच असा आहे. आहे. २०२१ च्या मे महिन्यात ओक्लाहोमाच्या गव्हर्नरनी एचबी १७७५ वर सही केली, टल्साच्या हत्याकांडाला शंभर वर्षं व्हायला महिनाही उरला नव्हता तेव्हा. कुणालाही त्याच्या वंशामुळे अपराधी किंवा अस्वस्थ वाटलं पाहिजे असं शिकवायचं नाही, असं त्यात आहे. कागदावर ग्रीनवूडचं हत्याकांड शिकवायला बंदी नाही, ते राज्याच्या अभ्यासक्रमातच आहे, हे तूच मला सांगितलं होतंस नोकरी घेताना. पण कागद एक आणि वर्गातली भीती एक. २०२२ मध्ये तुमच्या टल्साच्याच शाळांना राज्याच्या बोर्डाने या कायद्याखाली ताकीद दिली, त्याच वर्षी नॉर्मनमधल्या एका इंग्रजीच्या बाईंनी वर्गात ब्रुकलिनच्या लायब्ररीचा, बंदी घातलेली पुस्तकं वाचता येतील असा, क्यूआर कोड लावला आणि २०२४ मध्ये त्यांचं लायसन्सच रद्द झालं. हे सगळं माहीत असताना तू तो धडा घेतलास. मी घेतला असता का? नसता घेतला, चिऊ. आणि तेच मला तुला सांगायचंय, जे मी पाच वर्षं सांगितलं नाही.

तुला किल्लीचं माहीत आहे, वर्गातलं माहीत नाही.

२५ मे २०२० ला मेमोरियल डे होता, सोमवार. मंगळवारी सकाळी माझा ऑनलाइन तास होता, अल्जिब्रा, अठ्ठावीस मुलं आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद, नुसते काळे चौकोन. इथल्या, मिनियापोलिसच्या पोलिसांचं पहिलं पत्रक निघालं होतं की अटक करताना एका माणसाला वैद्यकीय त्रास झाला आणि तो गेला, आणि तोपर्यंत तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर येऊन पोचला होता, डेरेक शॉव्हिन या पोलिसाचा गुडघा आणि खाली जॉर्ज फ्लॉइड. मी पण बघितला होता, पूर्ण नाही, मधेच बंद केला. तास सुरू झाल्यावर चॅटमध्ये एका मुलीने लिहिलं, "मिस, तुम्ही बघितलं का?" बाकी काही नाही, एवढंच. त्या वर्गात तीन ब्लॅक मुलं होती, त्यातली ही एक. मी लिहिलं की आज आपण क्वाड्रॅटिकची रिव्हिजन संपवू. त्यानंतर चॅटमध्ये कुणीच काही लिहिलं नाही. ती मुलगी नंतर वर्ष संपेपर्यंत ऑनलाइन आलीच नाही. माझ्यामुळे की घरात काही होतं की वाय-फाय नव्हतं, मला कळलं नाही, मी विचारलंही नाही, आणि आज हे टाइप करतानाही मला तिचं ते एक वाक्य जसंच्या तसं दिसतंय.

आणि त्याच आठवड्यात तुला थर्टी-एट्थ अँड शिकागोला, फ्लॉइडला मारलं त्या चौकात, जायचं होतं आणि मी कोरोलाची किल्ली ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवली. वीस वर्षांच्या मुलीपासून. आपलं काय त्यात, आपण बाहेरून आलेली माणसं, आपण आपलं काम करावं, असं मी म्हणाले होते. तू मैत्रिणीच्या गाडीतून गेलीस आणि पाच दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर लेक स्ट्रीटच्या जळलेल्या दुकानांचे फोटो येत होते आणि मी तेच तुला दाखवत होते, बघ, बघ हे चाललंय. गांधी महल जळलं तेव्हा तर मला वाटलं आता तुला पटेल, आपण जेवलो होतो ना तिथे. तर तूच मला वाचून दाखवलंस की त्या मालकाच्या मुलीने लिहिलंय, तिचे वडील फोनवर कुणाला तरी म्हणत होते की जळू दे माझी इमारत, न्याय झाला पाहिजे, त्या पोलिसांना तुरुंगात टाका. बांगलादेशातून आलेला माणूस, स्वतःचं हॉटेल जळताना. मी तेव्हा काहीतरी बोलून विषय बदलला.

मला त्या व्हिडिओतला जो छळतो तो शॉव्हिन नाही, तो दुसरा पोलीस, टू थाओ. आशियाई घरातला, हमोंग. तो लोकांना फुटपाथवर अडवत उभा होता आणि मागे एक माणूस मरत होता. खटल्यात त्यालाही शिक्षा झाली. मी त्याला बघते तेव्हा मला माझा तो मंगळवारचा तास आठवतो. माझ्या हातून कुणी मेलं नाही हे मला कळतं गं, पण मी पण कुणालातरी अडवूनच उभी होते.

आता फोनचं. तू म्हणालीस की मला या मुलांच्या हातातला फोन बघितला की आता मळमळतं, आणि मला ते पूर्ण कळतं. माझ्या वर्गाच्या दाराला मी बूट ठेवायचे कप्पे असतात ना तसलं लटकवलंय, प्रत्येक कप्प्याला नंबर, येताना फोन ठेवायचा जाताना घ्यायचा, तरी निम्म्यांचा दुसरा फोन खिशात असतो आणि हूडीच्या आत इअरबड. होमवर्क चॅटजीपीटीकडून येतं, रात्री अकराला पालकांची ईमेल येते की पोर्टलवर मार्क का दिसत नाहीत. दर सप्टेंबरला मला वाटतं हे शेवटचं वर्ष. पण एक मुलगा होता, तो फोन ठेवायलाच तयार नव्हता, मी ओरडले, बाहेर काढलं, मग त्याची आई भेटायला आली आणि शांतपणे म्हणाली की तो गाडी चालवत शाळेत येतो आणि पोचेपर्यंत, परत येईपर्यंत मी त्याचं लोकेशन बघत बसते. ज्या गावात फिलँडो कॅस्टिलला गाडीत गोळी घातली त्या गावाजवळ आम्ही राहतो, असं म्हणाली. आठवतो ना कॅस्टिल, २०१६ चा जुलै, सेंट पॉलच्या शाळेत जेवण वाढणारा, कुठल्या मुलाला काय चालत नाही हे ज्याला पाठ होतं. त्याचंही आपल्याला कळलं ते शेजारी बसलेल्या त्याच्या मैत्रिणीने फोनवर लाइव्ह केलं म्हणून, आणि तरी तो पोलीस सुटलाच. त्या आईपुढे मी काय बोलणार होते, मी त्या मुलाला फोन खिशात ठेवू दिला.

आणि डार्नेला फ्रेझर, फ्लॉइडचा तो व्हिडिओ काढणारी. सतरा वर्षांची, शाळेतच होती गं ती, नऊ वर्षांच्या कझिन बहिणीला घेऊन खाऊ आणायला दुकानात गेलेली. तिने फोन काढला आणि जवळजवळ दहा मिनिटं तो धरून उभी राहिली, हलली नाही, कापलं नाही. तिने ते केलं नसतं तर ते वैद्यकीय त्रासाचं पत्रकच खरं ठरलं असतं. पुढे कोर्टात तिने रडत सांगितलं की मी रात्र रात्र जागून फ्लॉइडची माफी मागते, मी आणखी काही केलं नाही म्हणून. तिला पुलित्झरवाल्यांनी २०२१ मध्ये गौरवलं पण मी विचार करते ती त्या वसंतात कुणाच्या तरी वर्गात होती, कुणाच्या तरी स्क्रीनवर ती पण एक काळा चौकोन असेल, आणि तिच्या बाईंना वाटत असेल की ही लक्ष देत नाही.

तूच मला सांगितलं होतंस ना टल्सा ट्रिब्यूनचं, ३१ मे १९२१ च्या पहिल्या पानावरची ती बातमी, जिच्यामुळे माणसं पेटली असं म्हणतात, नंतर पेपरची मायक्रोफिल्म करायला घेतली तर तो मजकूर आधीच फाडलेला. पस्तीस ब्लॉक जाळले, हजाराहून जास्त घरं, तीनशेपर्यंत माणसं मेली असतील असा अंदाज, आणि पुढे कित्येक वर्षं तिथल्याच शाळांत त्याचं नाव नाही. मला वाटतं तू पुढच्या वेळी त्या फाटलेल्या पानाचा फोटो आणि २६ मे २०२० चं पोलिसांचं पत्रक शेजारी ठेव आणि मुलांना नुसतं विचार, यात काय नाहीये. व्हिडिओ वर्गात लावू नकोस, मी कधीच लावत नाही, तो कुणाचा तरी मृत्यू आहे आणि मुलांनी तो अंगठ्याने सरकवत शंभरदा बघितलाय. पत्रक पुरे. शब्दांवर बोट ठेवून वाचू दे त्यांना, हाताने लिहू दे, फोन कप्प्यात.

पण त्याच्याही आधी तो मुलगा. तू त्याच्यावर चिडली आहेस, तुला वाटतं त्याने मुद्दाम विचारलं, ठरवून. असेलही. पण क्लिप त्याने काढलेली नाही हे तूच म्हणालीस, आणि घंटा झाली म्हणून तुझं उत्तर अर्धं राहिलं हेही तूच म्हणालीस. म्हणजे क्लिपमध्ये सोड, वर्गातसुद्धा त्याला उत्तर मिळालेलं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने सगळ्यांसमोर विचारलं की मी लाजायचं का, आणि पुढे काय झालं तर गावभर गोंधळ आणि प्रिन्सिपलच्या ऑफिसात मीटिंग. तो आता आयुष्यात परत असं विचारेल का कुणाला? माझ्या त्या मुलीने मला परत कधी काही विचारलं नाही.

मला विचारशील तर मी त्याला माझ्या आजोळचं सांगितलं असतं. नाशिकजवळचं गाव, मोठा वाडा, परसात विहीर, उन्हाळ्यात आम्ही तिथे पडलेलो असायचो. मला कुणी कधी म्हणालं नाही की तू लाज वाटून घे. पण त्या विहिरीवर कोणाला चढू देत नव्हते हेसुद्धा मला कुणी सांगितलं नाही, ना घरी ना शाळेत, बाईंनी फुल्यांचा धडा घेतला, आंबेडकर जयंतीला फोटोला हार घातला, आणि विहिरीबद्दल एक शब्द नाही. ते मला चाळिशीत कळलं, मामेभावाकडून, सहज बोलता बोलता. मला लाजेपेक्षा जास्त हे लागलं की माझ्याशी इतकी वर्षं कुणी खरं बोललंच नाही, जसं काही मला ते झेपलंच नसतं. त्या मुलाला सांग की तुला झेपेल असं मला वाटतं म्हणून मी शिकवते. आणि हेही सांग की ज्योतिरावांनी १८७३ साली गुलामगिरी अर्पण केली ती अमेरिकेतल्या चांगल्या लोकांना, गुलामी बंद करण्यासाठी ज्यांनी झीज सोसली त्यांना, पुण्यात बसून, हजारो मैलांवरून. हे तू मला जेवताना सांगितलं होतंस त्या जूनमध्ये, "आणि तू म्हणतेस आपलं काय त्यात", आणि ताट उचलून निघून गेलीस. त्या पोराचे पणजोबा त्या रात्री कुठे होते ते त्याला माहीत नसेल, पण फुल्यांनी ज्यांना नमस्कार केला ती माणसंपण त्याचीच आहेत, आणि त्यांच्यातलं कोण व्हायचं ते त्याच्या हातात आहे. हे मला फार उशिरा सुचतंय. तू माझ्यापेक्षा चांगलं बोलशील.

उत्तर देताना शेजारच्या वर्गातल्या कुणाला तरी बसवून घे, दाराशी. आणि काय बोलणार आहेस ते लिहून प्रिन्सिपलना आधी ईमेल कर, तारखेसकट, हे घाबरून नाही सांगत, इतक्या वर्षांच्या नोकरीने सांगतेय. युनियनच्या माणसाला फोन कर. त्यानंतरही तुला सोडावंसं वाटलं तर सोड, मी एक अक्षर बोलणार नाही, बाबांनाही बोलू देणार नाही. फक्त त्याला उत्तर देऊन सोड.

चिऊ, किल्लीबद्दल मी चुकले. तेव्हा भीती वाटली होती हे खरं, पण भीती वाटली म्हणून बरोबर होत नाही. मी तुला घेऊन जायला हवं होतं आणि तिथे तुझ्याबरोबर उभं राहायला हवं होतं.

स्प्रिंग ब्रेकला मी येतेय, तू नको म्हणालीस तरी. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीये, आणखी काही हवं असेल तर कळव. मला ग्रीनवूडला घेऊन जा, फुटपाथमध्ये त्या पाट्या बसवल्यात म्हणालीस ना, कुठलं दुकान कुठे होतं, परत उघडलं की नाही उघडलं, त्या मला सगळ्या वाचायच्या आहेत. तुझी गाडी थंडीत सुरू होत नाही हे बाबांना कळलंय. म्हणून मी कोरोला चालवतच खाली येते, अकरा तास लागतील, मधे कॅन्सस सिटीला थांबेन. गाडी तुझ्याकडेच ठेवायची, मी विमानाने परत जाईन.

तुझी,
आई