रॅकवरचा आकडा सपाट जमिनीचा असतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या छंदांवर लेख होता. त्यासोबत कोलोरॅडोतल्या शिकारीचे एक छायाचित्र छापले होते. एटीव्हीच्या (मोटारसायकलसारखे बसून खडबडीत वाटांवर चालवायच्या चारचाकीच्या) मागच्या रॅकवर अख्खे हरीण आडवे टाकलेले, दोन बंजी (रबरी, ताणणाऱ्या) दोऱ्यांनी आवळलेले, त्याचे पाय दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेले, आणि चालकाच्या पाठीला चिकटून दुसरा माणूस बसलेला. लेखाबद्दल आमची तक्रार नाही. पण हे चित्र पाहून कोणी तसाच बोजा लादून डोंगर चढायला लागला, तर गाडी मागे उलटून त्याच्याच अंगावर येईल. आम्ही राहतो त्या कोलोरॅडोत ऑक्टोबर-नोव्हेंबरात रायफलीने शिकारीचे हंगाम असतात आणि सहकाऱ्यांबरोबर पहिल्यांदाच जाणारे काही मराठी तरुणही त्यात असतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे या कामातले बारकावे त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून कळण्याचा प्रश्नच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

सर्वांत मोठा घोटाळा वजनाच्या पाटीवरून होतो. कामाच्या एटीव्हीवर सहसा पुढच्या रॅकवर ४०-५० किलो आणि मागच्या रॅकवर ८०-१०० किलोच्या आसपासचा आकडा लिहिलेला असतो. लोक दोन्हींची बेरीज करतात आणि तेवढे सामान लादतात. पण त्याच पाटीवर किंवा पुस्तिकेत गाडीची एकूण वजनमर्यादा वेगळी दिलेली असते, आणि त्या मर्यादेत चालकही धरलेला असतो. समजा एकूण मर्यादा २२० किलो आहे. थंडीचे कपडे, बूट आणि हेल्मेट धरून चालक ९५ किलो. रायफल, पाठपिशवी, पाणी, करवत, जादा पेट्रोल मिळून २० किलो. मागाहून बसवलेली विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) आणि पुढचा लोखंडी बंपर २५ किलो. उरले ८० किलो. रॅकवर ४५ आणि ९० असे आकडे असले, तरी या गाडीवर १३५ किलो मांस चढवता येत नाही. दुसरा माणूस बसवला तर काहीच उरत नाही, आणि एका माणसासाठी बनवलेल्या गाडीवर दुसऱ्याला बसवायचेच नसते. लांबट सीट दोघांसाठी नसते. चालकाला चढावर पुढे, उतारावर मागे आणि वळणावर आतल्या बाजूला सरकता यावे म्हणून ती लांब असते. शरीराचा हा तोल हेच एटीव्ही सांभाळण्याचे निम्मे काम आहे. पाठीमागे माणूस किंवा गठ्ठा अडला की ते बंद पडते.

दुसरी गोष्ट पाटीवर लिहिलेली नसते. रॅकवरचा आकडा सपाट जमिनीचा असतो, चढावर तो तसाच धरता येत नाही. ढोबळ हिशेब असा: पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १३० सेंटिमीटर, मागच्या रॅकवर ९० किलो बोजा, त्याचा मध्य मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर मागे आणि जमिनीपासून १ मीटर उंच. सपाटीवर हा बोजा पुढच्या चाकांवरचा सुमारे १४ किलो भार कमी करतो, म्हणजे फारसे काही जाणवत नाही. तीच गाडी २५ अंशांच्या चढावर आली की तोच बोजा पुढच्या चाकांवरून जवळजवळ ४२ किलो उचलतो, कारण आता त्याची उंची मागे झुकते. त्यात गाडीचे स्वतःचे आणि चालकाचे वजनही मागे झुकलेले. पुढची चाके जेमतेम टेकलेली असतात. हँडल वळवले तरी गाडी वळत नाही, आणि एखाद्या दगडावर चढताना थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटरला) हिसका बसला तर नाक वर उठते ते उठतेच. हिशेबातली उंची १ मीटरऐवजी ७० सेंटिमीटर धरली, तर ४२ चे सुमारे ३३ होतात. म्हणून बोजा किती यापेक्षा तो किती खाली आहे, हे आधी पाहावे. चढ असलेल्या वाटेवर आम्ही मागच्या रॅकचा आकडा निम्माच धरा असे सांगतो, आणि उरलेल्यासाठी दुसरी खेप.

आता जनावराचे वजन. एल्क हे सांबराच्या कुळातले, पण आडव्या अंगाचे मोठे हरीण. मोठा नर ३०० किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशे. आतडी-कोथळा काढला तरी धड २०० किलोच्या घरात राहते. ते अख्खे रॅकवर नेण्याचा विचारसुद्धा करू नये. जागेवरच चार तुकडे करावेत: मागचे दोन फरे (मांड्या), हाडासकट प्रत्येकी २५ ते ३५ किलो, पुढचे दोन खांदे, प्रत्येकी १८ ते २५ किलो, शिवाय पाठीच्या पट्ट्या आणि मानेचे मांस. पाठीचा कणा आणि बरगड्यांचा सांगाडा तिथेच राहतो. याचा आणखी एक फायदा आहे. कोलोरॅडोतल्या हरणांमध्ये मेंदू आणि मज्जारज्जू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे, आणि त्यामुळे कवटी व कणा दुसऱ्या राज्यात न्यायला अनेक राज्यांची बंदी आहे. सगळी हाडे काढली तर नराचे ९० ते ११५ किलो निव्वळ मांस उरते. म्हणजे दोन सुरक्षित खेपा. फक्त हाडे काढताना जनावर नर की मादी हे दाखवणारा लिंगाचा पुरावा मांसाच्या एखाद्या मोठ्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच ठेवावा लागतो. तो कापून वेगळ्या पिशवीत टाकलेला चालत नाही.

छायाचित्रातल्यासारखे लहान हरीण असले, तरी अख्खे नेण्यात दोन धोके आहेत. मेल्यावर काही तासांत अंग ताठरते, आणि बाहेर आलेले पाय मग वाकत नाहीत. अरुंद वाटेवर झाडाला पाय अडकला की रॅक एका बाजूला ओढला जातो आणि हँडल हातातून सुटते. अख्खे न्यायचेच असेल तर ताठरण्याआधी पाय पोटाशी दुमडून बांधावेत. शिंगे वर किंवा पुढे नकोत. गाडी दचकली तर ती चालकाच्या पाठीत घुसतात. ती मागच्या बाजूला, खाली वळवून बांधावीत आणि त्यांवर भडक नारिंगी कापड गुंडाळावे, कारण झाडीत हलणारी शिंगे पाहून दुसरा शिकारी नेम धरू शकतो.

बंजी दोरी बोजा बांधायला निरुपयोगी आहे. ती ताणते, आणि ताणणारी वस्तू नेमक्या वळणावर बोजाला सरकू देते. २५ मिलिमीटर रुंदीचे रॅचेट (खटक्याने आवळत जाणारे) पट्टे वापरावेत, चार कोपऱ्यांतून चार, आणि दोन पट्टे वरून एकमेकांना छेदतील असे. पट्ट्यावरच्या लेबलवर दोन आकडे असतात. मोठा आकडा पट्टा तुटण्याचा; कामाचा आकडा त्याच्या एक तृतीयांश असतो आणि तोच धरायचा. हूक रॅकच्या नळीला किंवा कंपनीने दिलेल्या अडकवणीलाच लावावा, प्लास्टिकच्या मडगार्डला नाही. पट्ट्याचे उरलेले शेपूट गाठ मारून खोचावे. ते खाली लोंबले तर मागच्या आसाला गुंडाळले जाते किंवा सायलेन्सरवर वितळते. मांस मऊ असते, हादऱ्यांनी बसते आणि पट्टे सैल पडतात. म्हणून निघाल्यावर दहा मिनिटांनी थांबून पुन्हा आवळावेत, आणि नंतर प्रत्येक मोठ्या उताराच्या आधी. जड फरे रॅकच्या तळाशी आणि मधोमध, डावी-उजवी बाजू समान. पुढच्या रॅकवर साधारण एक तृतीयांश, तेही दिवे झाकले जाणार नाहीत असे. पुढे उंच गठ्ठा रचला की वाट दिसत नाही.

मागच्या रॅकखालीच सायलेन्सर असतो, हे बहुतेक जण विसरतात. मांस लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली यायला हवे आणि आपण ते गरम जागी ठेवतो, वरून प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळतो. मग फऱ्याच्या आत, खुब्याच्या हाडाजवळ, ते आंबायला लागते. बाहेरून काही कळत नाही. तळाशी लाकडी फळी किंवा जाड रबर घालावे, हवा खेळेल अशा सुती पिशव्या वापराव्यात, आणि धूळ उडत असेल तर ताडपत्री फक्त वरून, बाजू मोकळ्या ठेवून.

टायरकडेही बघावे. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फार कमी असते, अनेक गाड्यांत ५ पीएसआयच्या आसपास. मोटारीचा गेज एवढ्या खाली नीट दाखवत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. एका टायरमध्ये एक-दीड पीएसआय कमी असला तरी बोजासकट गाडी त्या बाजूला कलते. बोजासाठी किती हवा, ते पुस्तिकेत पाहावे, अंदाजाने भरू नये.

दोन खेपांऐवजी ट्रेलर परवडतो, आणि वाट रुंद असेल तर आमच्या मते रॅकपेक्षा ट्रेलरच बरा, कारण बोजा गुडघ्याइतक्या उंचीवर राहतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हिचवर (गाडीमागे ट्रेलर जोडायच्या जागेवर) यावा. मागे जास्त भरले तर ट्रेलर गाडीची शेपटी उचलतो आणि डुलतो. हिचवर येणारे वजन मागच्या रॅकच्या मर्यादेतूनच वजा होते, हे लक्षात ठेवावे. ओढणे फक्त हिचला बांधून. रॅकला दोर बांधून जनावर फरपटत आणणे हा सर्वांत घातक प्रकार: जनावर झाडाच्या मुळाला अडकते, दोर आसापेक्षा उंचावरून मागे ओढतो, चाके पुढे जातात आणि गाडी जागच्या जागी मागे उलटते.

चालवताना गिअर लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ) ठेवावा. बेल्टवर चालणाऱ्या गाडीत हाय रेंजला बोजा ओढला तर बेल्ट घसरून तापतो आणि जळतो. इथली जंगले २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर आहेत. विरळ हवेत इंजिनाची ताकद सुमारे पाव ते तीन दशांश कमी होते, त्यामुळे चढावर जोर लावण्याची इच्छा आणखी वाढते. ट्रेलर असताना अनेक पुस्तिका ताशी १६ किलोमीटरची मर्यादा देतात. रॅकवर बोजा असला तरी तीच पाळावी. चढ सरळ चढावा, उतार सरळ उतरावा. आडव्या उतारावरून बोजासकट जाणे टाळावे, भले एक किलोमीटरचा वळसा पडो. चढावर गाडी थांबली तर अंग पुढे झुकवून ब्रेक धरावा, मागचा ब्रेक एकदम दाबू नये, पार्किंग ब्रेक लावून चढाच्या बाजूला उतरावे. मग बोजा काढावा आणि रिकामी गाडी विंचने किंवा हळूहळू मागे घ्यावी. बोजासकट तिथल्या तिथे वळवण्याचा प्रयत्न अंगाशी येतो. उतारावर न्यूट्रल कधीच नाही. इंजिनाचा अडसर आणि हलका ब्रेक.

कायद्याचेही तीन मुद्दे आहेत. राष्ट्रीय वनांत फक्त मोटार वाहन नकाशावर दाखवलेल्या वाटांवरच एटीव्ही चालते. मारलेले जनावर आणायला वाट सोडून आत जाणे बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या क्षेत्रात तर हातगाडीसुद्धा चालत नाही. तिथे पाठीवर २५-३० किलोंच्या खेपा किंवा घोडे. आणि कोलोरॅडोत एटीव्हीवर नेताना रायफलीची नळी व मॅगझिन दोन्ही रिकामी हवीत आणि ती पूर्ण बंद पिशवीत किंवा पेटीत हवी. तोंड उघडी असलेली म्यान चालत नाही.

शेवटचा अपघात बहुधा दिवस संपल्यावर, पिकअपमध्ये एटीव्ही चढवताना होतो. मांस आधी उतरवावे. रॅम्प पिकअपला पट्ट्यांनी बांधावेत, नाहीतर पुढचे चाक चढताच रॅम्प मागे सरकतो. पिकअप सपाट जागी, हँडब्रेक लावून. एटीव्ही लो गिअरमध्ये, एका दमात पण सावकाश चढवावी, आणि रॅम्पच्या मागे कोणी उभे राहू नये.

हंगाम सुरू होण्याआधी हे पत्र प्रसिद्ध करावे आणि पुढे कधी या विषयावर छायाचित्र छापायचे असेल तर बोजा खाली, पट्ट्यांनी आवळलेला आणि एकटा चालक असलेले निवडावे, ही विनंती.

आपले नम्र,
कोलोरॅडोतील काही मराठी वाचक